गोबरगॅस: खड्डा मारण्याआधी शेण मोजा

करवीर, कागल, हातकणंगले, पन्हाळा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात गोठ्याच्या मागं जाऊन बघा. परड्यात गोबरगॅसचा घुमट दिसतो आणि बऱ्याचदा त्याच्यावर शेणी वाळत घातलेल्या असतात. घुमट शाबूत, पाइप शाबूत, गॅस मात्र बंद. घरच्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "दोन वर्षं चालला, मग गॅस येईना झाला." अशा बंद प्लांटांमध्ये बांधकामाचा दोष मला क्वचित सापडला. बहुतेक ठिकाणी शेण कमी, पाणी जास्त आणि कामांचा क्रम उलटा, हीच तीन कारणं निघाली. म्हणून इथं बांधकामापेक्षा त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम जास्त सविस्तर लिहिलं आहे. टप्पे दिलेल्या क्रमानंच करा.

टप्पा १ : सात दिवस शेण मोजा

प्लांट किती मोठा हवा, हे जनावरांच्या संख्येवरून ठरवू नका. ताणकाटा घ्या, सकाळ-संध्याकाळ गोळा झालेलं शेण घमेल्यासकट वजन करा, घमेल्याचं वजन वजा करा आणि आकडा गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहा. असं सलग ७ दिवस.

दावणीला बांधलेली चांगली म्हैस दिवसाला १५ किलोच्या आसपास शेण टाकते, मध्यम गाय १० किलो, वासरू-रेडकू ४-५ किलो. पण हा झाला कागदावरचा हिशेब. जनावर दिवसभर चरायला जात असेल तर निम्मं शेण माळावर पडतं. घरात बंबासाठी शेणी लागत असतील, अंगण सारवायचं असेल, तर तेही यातूनच जातं. समजा तीन म्हशी, एक गाय, दोन रेडकं. कागदावर ६०-६५ किलो होतात. शेणी-सारवणाचे १०-१५ किलो काढले की हातात ५० उरतात. प्लांट ठरवायचा तो या ५० किलोंवर.

आता हिशेब सोपा आहे. २५ किलो ताज्या शेणातून साधारण १ घनमीटर गॅस मिळतो. माणशी स्वयंपाकाला दिवसाला पाव घनमीटर गॅस लागतो. म्हणजे ५-६ माणसांच्या घराला दीड घनमीटर पुरतो आणि २ घनमीटरचा प्लांट, म्हणजे रोज ५० किलो शेण, अगदी व्यवस्थित बसतं. तेवढ्या गॅसवर एक बर्नर चार-साडेचार तास चालतो. सिलिंडरच्या भाषेत सांगायचं तर २ घनमीटर गॅस म्हणजे साधारण ०.९ किलो एलपीजी. प्लांट पूर्ण क्षमतेनं चालला तर १४.२ किलोचं एक सिलिंडर १५-१६ दिवसांत वाचतं. थंडीत याच्यापेक्षा कमी धरा.

सावधान: "बांधतोयच तर मोठाच बांधू" हा विचार प्लांट बुडवतो. ५० किलो शेणावर ४ घनमीटरचा प्लांट बांधला तरी गॅस २ घनमीटरचाच येणार. घुमटवाल्या प्लांटात तो मोठ्या पोकळीत पसरतो, दाब भरत नाही आणि शेगडी मिणमिणते. घरातल्या बाई चार दिवस बघतात आणि सिलिंडर पेटवतात. प्लांट तिथंच संपला.

तपासणी: वर्षातला सगळ्यात वाईट महिना धरून हिशेब करा. उन्हाळ्यात वैरण महागली की आपल्याकडं भाकड म्हस विकली जाते. त्यानंतर गोठ्यात जेवढी जनावरं उरतात, त्यांच्या शेणावर प्लांट चालला पाहिजे.

टप्पा २ : आधी गोठ्याची सवय बदला

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. गोठ्यात सिमेंटचा कोबा झाला, मोटारीची पाइप आली आणि सकाळी धार काढली की जोरात पाणी मारून सगळं गटारात, अशी पद्धत पडली. त्या पाण्याबरोबर जाणारं शेण हाच तुमचा गॅस आहे. गटारच थेट प्लांटला जोडलं तर आणखी वाईट. शेणाच्या तिप्पट-चौपट पाणी आत जातं. शेणाला आत मुरायला ४० दिवस मिळायला हवेत, ते १५ दिवसांतच बाहेर ढकललं जातं. गॅस करणारे जिवाणूही त्याच्याबरोबर वाहून जातात.

क्रम असा ठेवा: आधी फावड्यानं शेण घमेल्यात उचला, मग गोठा धुवा. धुण्याचं पाणी वेगळ्या चरातून गवताच्या तुकड्याकडं सोडा. गोमूत्र थोडं प्लांटात गेलं तर चालतं, शेण कालवताना पाण्याऐवजी काही भाग तेच घाला.

फिनेल, ब्लीचिंग पावडर, साबणाचं पाणी प्लांटात अजिबात नको. तसंच म्हशीच्या कासेला दगडी (कासेची सूज) झाली आणि डॉक्टरांनी प्रतिजैविकाची इंजेक्शनं दिली, तर औषध चालू असेपर्यंत आणि नंतरही चार-पाच दिवस त्या जनावराचं शेण उकिरड्यात टाका. जिवाणू मारणारं औषध आतल्या जिवाणूंनाही मारतं. गॅस अचानक निम्म्यावर आला आणि कारण सापडेना झालं की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

दोन आठवडे ही सवय टिकली तर पुढं जा. टिकत नसेल तर खड्डा मारू नका.

टप्पा ३ : जागा

स्वयंपाकघरापासून २० मीटरच्या आत, दिवसभर ऊन लागेल अशी जागा, विहीर-बोअरपासून किमान १५ मीटर लांब. शेजारी वड, पिंपळ, चिंच नको, मुळं बांधकाम फोडतात. शक्य असेल तर गोठ्याची जमीन उंच आणि प्लांटचं तोंड खाली ठेवा, म्हणजे शेण ढकलायला कष्ट पडत नाहीत. बाहेर येणाऱ्या स्लरीसाठी, म्हणजे गॅस निघून गेलेल्या पातळ शेणासाठी, पुढं जागा ठेवायला विसरू नका. निम्म्या घरांत ही जागा उरतच नाही आणि मग स्लरी वाटेवर येते.

आपल्या जिल्ह्यात जागेचा प्रश्न भागानुसार बदलतो. पंचगंगा, कृष्णा, वारणा काठच्या गावांत २०१९ आणि २०२१ चा पूर कुठपर्यंत आला होता, त्या खुणेच्या वर शेण घालायची आणि स्लरी बाहेर यायची अशा दोन्ही कुंड्यांची तोंडं आली पाहिजेत. पुराचं पाणी एकदा आत शिरलं की गाळ बसतो आणि प्लांट पहिल्यापासून भरावा लागतो. खालच्या गल्लीत घर असेल आणि उंच जागाच नसेल, तर पक्क्या बांधकामाचा हट्ट धरू नका.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडं जांभा लागतो, खोल खणणं महाग पडतं. तिथं पावसाचं पाणी कुंडीत पडू नये म्हणून पत्र्याचं झाकण आणि भोवतीनं चर लागतोच. पूर्वेकडं काळी जमीन. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि भिंत ढकलते. काळ्या जमिनीत खड्डा रुंद घ्या आणि भिंतीच्या बाहेरून मुरूम भरून थराथरानं धुमसा.

आमच्या घरचा पहिला प्लांट जमिनीतल्या पाण्यानं गेला. मे महिन्याच्या मध्यात खड्डा मारला, तळ आणि भिंत झाली आणि गवंडी दुसऱ्या कामावर गेला तो आलाच नाही. मृगाचा पाऊस पडला. एका रात्री परड्यातून ताडकन आवाज आला. सकाळी बघतो तर तळाच्या मधोमध हातभर चीर आणि तिच्यातून गढूळ पाणी उमळतंय. जमिनीतलं पाणी रिकाम्या टाकीला खालून वर रेटतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. आत माल भरलेला असता तर त्याच्या वजनानं तळ टिकला असता.

सावधान: दिवाळीनंतर खणायला घ्या, फेब्रुवारीपर्यंत बांधून पूर्ण करा, मार्च-एप्रिलमध्ये भरा. रिकामी टाकी पावसाळ्यात ठेवू नका. दुरुस्तीसाठी उपसायची असली तरी उन्हाळ्यातच.

टप्पा ४ : प्रकार निवडणं

घरगुती वापरात तीन प्रकार भेटतात. विटांचा पक्का घुमट म्हणजे दीनबंधू: सगळा जमिनीखाली, लोखंड नाही, देखभाल कमी, पण गवंडी या कामातला जाणता हवा. घुमटाला केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निसटतो. दुसरा तरंगत्या टाकीचा: टाकी वर आली की गॅस आहे हे डोळ्यांना दिसतं, दाब एकसारखा राहतो. लोखंडी टाकी गंजते, तिला दरवर्षी रंग लागतो. फायबरची टाकी महाग, पण टिकते. तिसरा रबरी किंवा पीव्हीसी कापडाची पिशवी: खोल खड्डा नको, एका दिवसात बसते. जांभ्याच्या भागात आणि भाड्याच्या जागेत मी हीच सुचवतो. मात्र उंदीर, म्हशीचं शिंग आणि कडक ऊन यांपासून जपावी लागते. भोवती कुंपण आणि वर सावलीची जाळी टाकल्याशिवाय ती बसवूच नका.

जाणता गवंडी मिळत नसेल तर दीनबंधूच्या नादी लागू नका. साध्या घराच्या गवंड्याकडून घुमट बांधून घेणं ही आपल्याकडची सर्रास चूक आहे.

टप्पा ५ : कागद, बांधकाम, गळती

आधी पंचायत समितीच्या कृषी विभागात जा. अनुदान किती, कुठल्या आकाराच्या प्लांटला, शौचालय जोडलं तर वाढीव किती, हे त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे विचारून घ्या. मंजुरी हातात आल्यावर कुदळ मारा. प्लांट बांधून झाल्यावर अर्ज घेऊन गेलेली माणसं रिकाम्या हातानं परत येतात. खड्ड्याचा, घुमटाचा, पूर्ण प्लांटचा असे टप्प्याटप्प्यानं फोटो काढून ठेवा.

बांधकामात घरमालकानं स्वतः बघायच्या गोष्टी मोजक्या आहेत. वाळू धुतलेली हवी. घुमटाला आतून गिलावा थरांत आणि घोटून, प्रत्येक थर एका दमात झाला पाहिजे. आज अर्धा, उद्या अर्धा केला की सांध्यातून गॅस जातो. किमान १५ दिवस पाणी मारा. घुमट पक्का झाला की त्याच्यावर माती चढवा. आतून गॅस वर रेटतो, मातीचं वजन त्याला दाबून धरतं. उघडा घुमट दिसायला बरा, पण तोच आधी चिरतो.

गळती तपासल्याशिवाय शेणाची एक पाटीही आत टाकू नका. टाकी पाण्यानं भरा. पहिला दिवस सोडून द्या, कोरडा गिलावा पाणी पितोच. दुसऱ्या दिवशी पातळीवर खडूनं रेघ मारा आणि २४ तासांनी बघा. बोट-दोन बोटांहून जास्त उतरली तर भिंतीत गळती आहे. पातळी टिकली की गॅसचा कॉक बंद करा आणि कुंडीतून आणखी पाणी ओता. घुमटातली हवा दाबली जाते, कुंडीतलं पाणी वर उभं राहतं. ते २४ तास तसंच राहिलं तर घुमट घट्ट आहे. खाली बसलं तर हवा कुठून तरी सुटते आहे. पाइपच्या सांध्यांवर आणि कॉकवर साबणाचा फेस लावा, बुडबुडा फुगला तिथं दोष.

पाइपचा उतार हा दुर्लक्षित विषय. गॅसबरोबर वाफ येते, थंड पाइपात तिचं पाणी होतं. पाइप मध्ये कुठं झोळ खाऊन लोंबत असेल तर तिथं पाणी साचतं आणि गॅस अडतो. दर १०० फुटांना एक फूट असा उतार ठेवा आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवा.

टप्पा ६ : पहिला भरणा

सगळ्यात जास्त प्लांट इथं बिघडतात, कारण घाई.

२ घनमीटरच्या प्लांटात रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी जाणार, ते ४० दिवस आत राहणार. म्हणजे टाकीत साधारण ४,००० लिटर माल मावतो. पहिल्या भरण्याला २ टन शेण लागतं. घरच्या गोठ्यात ते साठवायचं म्हटलं तर सव्वा महिना जातो आणि तोवर आधीचं शेण वाळून खडखडीत होतं. वाळलेल्या शेणातून गॅस फारसा निघत नाही. म्हणून भावकीतून, शेजारच्या गोठ्यांतून ट्रॉलीभर ताजं शेण आधीच ठरवून ठेवा. साठवलेलं शेण सावलीत, ओलं, पोत्याखाली झाकून ठेवा आणि १०-१५ दिवसांपेक्षा जुनं घेऊ नका.

दुसरी गोष्ट विरजणाची. दुधाला जसं विरजण, तसं नव्या प्लांटला चालू प्लांटची स्लरी. गावात कुणाचा चांगला चाललेला असेल तर त्याच्याकडून ३००-४०० लिटर आणा. ती मिळाली तर आठवडा-दोन आठवड्यांत गॅस धरतो. नाही मिळाली तर उन्हाळ्यात तीन आठवडे आणि थंडीत महिना-दीड महिना थांबायची तयारी ठेवा.

भरण्याचा क्रम:

१. गॅसचा मुख्य कॉक उघडा ठेवा, नाहीतर आतली हवा कोंडते.
२. शेणातला कडबा, दगड, दाव्याचे तुकडे, वाळू हातानं काढा. लांब काडी वर तरंगून जाड साय धरते, वाळू खाली गाळ होऊन बसते. दोन्ही जागा खातात.
३. शेण आणि पाणी सारखं घेऊन कुंडीत कालवा. गुठळी राहू देऊ नका.
४. विरजणाची स्लरी निम्मा भरणा झाल्यावर ओता.
५. ठरलेल्या पातळीपर्यंत तीन-चार दिवसांत भरा, कॉक बंद करा.
६. आता काहीही टाकू नका. जळणारा गॅस येईपर्यंत रोजचं शेण उकिरड्यावर.

सहाव्या पायरीला माणसांचा धीर सुटतो. "येत नाही म्हणजे शेण कमी पडलं" म्हणून रोज पाट्या टाकत राहतात. आतले जिवाणू अजून वाढलेले नसतात, माल आंबट होतो आणि महिना वाया जातो.

सावधान: सुरुवातीचा गॅस शेगडीवर नीट जळत नाही. त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो दोन-तीन वेळा पूर्ण सोडून द्या. सोडताना आसपास विडी, चूल, दिवा नको. हवा मिसळलेला गॅस पेट घेतो तेव्हा घुमटासकट घेतो. काडी लावून बघायची ती फक्त स्वयंपाकघरातल्या शेगडीवर. प्लांटच्या पाइपाच्या तोंडाला काडी लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

टप्पा ७ : रोजचं खाद्य

शेण ताजं, पाणी तेवढंच. कालवलेला माल आंबोळीच्या पिठासारखा हवा. हात बुडवून वर काढा: बोटांवर थर राहिला आणि धार तुटत-तुटत पडली तर बरोबर. पाण्यासारखी सरळ धार लागली तर पातळ झालं. गोळा पडला तर घट्ट. पावसाळ्यात शेणच पातळ असतं तेव्हा पाणी कमी करा, मोजून सारखं घालायचा नियम तेव्हा लागू नाही.

रोज ठरलेल्या वेळी टाका. एक दिवस नागा आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट, असं करू नका. थंडीत काळ्या कॅनमध्ये पाणी उन्हात ठेवून दुपारी कालवा. जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते, डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात ते मंदावतात. त्या दिवसांत गॅस कमी येणं हा बिघाड नव्हे. दिवसातून एकदा आत येणाऱ्या पाइपातून बांबू वर-खाली हलवा, साय मोडते.

शेणाशिवाय काय चालतं, हा प्रश्न हमखास येतो. शेळी-मेंढीच्या लेंड्या रात्रभर भिजवून, कुटून थोड्या चालतात. कोंबडीखतात नत्र फार, दहा घमेली शेणाला एखादं घमेलं, त्याहून जास्त नको. उरलेला भात, भाजीचे देठ, खराब फळं बारीक करून रोज दोन-तीन किलो ठीक. लग्नातलं उरलेलं जेवण एकाच दिवशी पाटीनं ओतलं तर प्लांट आंबतो. प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरलेल्या मळीपासून) साखर कारखाने गॅस करतात हे खरं, पण त्यांच्याकडं त्यासाठी वेगळी यंत्रणा असते. घरच्या प्लांटात ते भरू नका.

आणि पाचट. ऊस तुटला की पाचटाचे ढीग बघून प्रत्येकाला वाटतं, हे आत घालावं. अख्खं पाचट प्लांटात टाकलं तर ते तरंगतं, विणल्यासारखी चटई होते आणि ती फोडायला टाकी उपसावी लागते. कुट्टी यंत्रातून बोटाच्या पेराएवढं बारीक करून आठवडाभर स्लरीत कुजवलं तर शेणाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत चालतं. त्या कष्टात गॅस थोडाच मिळतो. पाचटाची खरी जागा पुढं टप्पा ९ मध्ये आहे.

टप्पा ८ : शेगडी

एलपीजीची शेगडी तशीच जोडू नका. तिचं छिद्र बारीक असतं, गोबरगॅसला मोठं छिद्र लागतं. गोबरगॅसची शेगडी वेगळी मिळते, तीच घ्या.

ज्योत निळी आणि खाली बसलेली हवी. पिवळी आणि काजळी धरणारी असेल तर हवा कमी आहे, हवेची चकती उघडा. ज्योत बर्नरवरून उडत असेल तर हवा जास्त आहे किंवा दाब जास्त आहे. भुक-भुक करून मोठी-लहान होत असेल तर पाइपात पाणी आहे, खालचा कॉक सोडा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हा कॉक सोडायचाच, अर्धा तांब्या पाणी निघतं.

कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. जळताना तो जात नसेल तर पाइपला लोखंडी किसाची बाटली जोडा आणि कीस काळा पडला की बदला. हाच वायू पितळी कॉक आणि शेगडी खातो.

टप्पा ९ : स्लरी वाया घालवू नका

गॅस निघाला तरी शेणातलं नत्र, स्फुरद, पालाश बरंचसं स्लरीत राहतं. ती उन्हात पसरून वाळवली की नत्र उडून जातं. वाळवायची असेल तर सावलीत, काडीकचऱ्यावर ओतून.

ऊसवाल्यासाठी सरळ मार्ग असा: तोडणी झाली की पाचट पेटवू नका, एका आड एक सरीत ओढून घ्या, त्याच्यावर पाण्याच्या पाटातून स्लरी सोडा. पाचट नुसतं पडलं तर कुजायला फार वेळ घेतं, कारण त्यात नत्र कमी असतं. स्लरी ते पुरवते. खोडव्याचं पाणीही यामुळं धरून राहतं. शेत लांब असेल तर परड्यातच एकासमोर एक दोन खड्डे करा, पाचटाचा वितभर थर आणि त्याच्यावर स्लरी, एक भरला की दुसरा.

शौचालय जोडलेलं असेल तर स्लरी आधी खड्ड्यात पूर्ण कुजवा. कोथिंबीर, मेथी अशा पालेभाज्यांना थेट देऊ नका.

गावाचा सामायिक प्लांट करायचा असेल तर

घरोघरी दोनच जनावरं असतील तर आठ-दहा घरांनी मिळून प्लांट करणं शहाणपणाचं. केंद्राच्या गोबरधन योजनेत, स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात, अशा कामांसाठी जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत तरतूद होती. सध्या काय चालू आहे ते जिल्हा परिषदेत विचारा. मात्र सामायिक प्लांट पैशाअभावी कमी बंद पडतात. बंद पडतात ते "माझं शेण जास्त, गॅस मात्र सगळ्यांना सारखा" या भांडणानं.

यावरचं उत्तर आपल्या गावातच आहे. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दुधाचं माप होतं, फॅट लागते, वहीत नोंद होते आणि दहा दिवसांनी बिल निघतं. शेणाचंही तसंच करा. प्रत्येक घराची घमेली काट्यावर घ्या, वाळू किंवा पाणी मिसळलेलं शेण परत पाठवा, वहीत लिहा. स्लरी शेणाच्या वजनाच्या प्रमाणात परत द्या. गॅससाठी सकाळी आणि संध्याकाळी ठरलेले तास ठेवा, घरागणिक कॉक आणि मीटर बसवा. कमी दाबाचा गॅस लांब जात नाही, म्हणून प्लांटला लागून असलेली घरंच घ्या, वरच्या आळीतल्यांना जोडायच्या फंदात पडू नका. रोज शेण घेणारा आणि कालवणारा माणूस पगारी हवा. पाळ्या लावल्या की सुगीच्या दिवसांत पाळी चुकते आणि प्लांट उपाशी राहतो.

हे सगळं खड्डा मारण्याआधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. घरातल्या बायकांना त्या बैठकीला बसवा, कारण शेण त्या उचलतात आणि शेगडी त्या पेटवतात.

गॅस कमी झाला तर कुठून शोधायचं

क्रमानं बघा, एकदम खोदायला धावू नका. पहिल्यांदा पाइपातलं पाणी सोडा. मग सांध्यांना साबणाचा फेस लावा. मग चार दिवस शेणाचं वजन करा, निम्म्या वेळा ते घटलेलं निघतं. मग गोठ्यात औषध किंवा फिनेल वापरलं का, आठवा. त्यानंतर बाहेर येणारी स्लरी बघा: आंबूस वास आणि वर पांढरट फेस असेल तर माल आंबला आहे. पीएचची (आंबटपणा मोजायची) पट्टी बुडवा, ६.८ ते ७.५ च्या दरम्यान हवं. ६.५ च्या खाली असेल तर आठवडाभर खाद्य बंद, चालू प्लांटची चार-पाच बादल्या स्लरी ओता, मग निम्म्या खाद्यानं सुरुवात करा. स्लरी बाहेर पडतच नसेल आणि कुंडी तुंबत असेल तर साय किंवा गाळ जमला आहे, बांबूनं मोडून बघा. त्यानं नाही झालं तरच उपसा.

सावधान: उपसताना आत उतरायचं नाही. कॉक उघडून, झाकण काढून दोन दिवस गेले तरी नाही. तळाशी प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. त्याचं प्रमाण जास्त असलं की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणून "वास येत नाही, म्हणजे ठीक आहे" हे खरं नाही. एक जण आत पडला आणि त्याला काढायला दुसरा, तिसरा उतरला, असे मृत्यू होतात. गाळ मड पंपानं किंवा टँकरच्या नळीनं वरूनच ओढा. आत माणूस उतरवण्यावाचून इलाजच नसेल तर ते काम हवा सोडणारं यंत्र, वायू मोजण्याचं उपकरण, दोर आणि श्वासाचा मुखवटा असलेल्या प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्या. आणि तोंडावरचं झाकण कायम जड ठेवा, दोन माणसांनी उचलावं लागेल असं. परड्यात पोरं खेळतात.